नोडची धारिता : मोजलेली की मानलेली?

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगवह्यांमध्ये एक प्रयोग आम्हाला अलीकडे पुन्हा पुन्हा भेटतो. त्याचे शीर्षक साधारणपणे असे असते : 'सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या साहाय्याने परिपथातील नोडपाशी असलेली परजीवी धारिता मोजणे.' उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हे नेहमीचे मथळे असतात. साहित्यात एक संगणक असतो. निरीक्षणाच्या रकान्यात '३.००० पिकोफॅरड' असा एकच आकडा असतो आणि निष्कर्षात लिहिलेले असते की मोजलेले मूल्य व प्रत्यक्ष मूल्य तंतोतंत जुळले. आकृती जरा लक्षपूर्वक पाहिली की हे 'प्रत्यक्ष मूल्य' कोठून आले ते कळते. विद्यार्थ्यानेच त्या नोडपासून ग्राउंडपर्यंत तीन पिकोफॅरडचा कपॅसिटर काढलेला असतो. आपल्याच खिशात तीन रुपये ठेवायचे, मग खिसा चाचपायचा आणि तीन रुपये सापडल्याची नोंद करायची, असा हा प्रकार आहे. त्याला पूर्ण गुण मिळतात. ब्रेडबोर्डावर धडपडून '९ ते १४ पिकोफॅरड, वाचन स्थिर राहत नाही' असे लिहिणाऱ्याचे गुण मात्र कापले जातात.

आमचा आक्षेप सॉफ्टवेअरवर नाही. तो 'मोजणे' या क्रियापदावर आहे. शिक्षकांसाठीच्या या मासिकात एका क्रियापदावर दोन-तीन पाने खर्च करणे आम्हाला गैर वाटत नाही.

आधी परजीवी धारिता म्हणजे काय ते पाहू. दोन वाहक आणि त्यांच्यामध्ये विद्युतरोधी पदार्थ एवढे जमले की कपॅसिटर तयार होतो. तो तयार करण्याचा आपला हेतू होता की नव्हता, याच्याशी निसर्गाला काही कर्तव्य नसते. एक चौरस सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या हवेत एक मिलिमीटर अंतरावर समोरासमोर धरल्या की त्यांच्यात सुमारे ०.८९ पिकोफॅरड धारिता येते. (पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा एक लाख कोटीवा भाग.) ब्रेडबोर्डाच्या शेजारशेजारच्या दोन ओळींमध्ये दोन ते पाच पिकोफॅरड सहज असतात. ऑसिलोस्कोपला जोडतात त्या समाक्ष केबलीत दर मीटरला शंभराच्या आसपास. आणि आपण स्वतः? माणसाच्या शरीराची जमिनीच्या संदर्भातील धारिताही साधारण शंभर पिकोफॅरड धरतात. स्थिर विद्युतेच्या झटक्याने चिप निकामी होते का, हे तपासणाऱ्या उपकरणांत माणसाच्या जागी शंभर पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि दीड किलोओहमचा रोधक बसवलेला असतो!

'परजीवी' हे नावही थोडे फसवे आहे. बांडगूळ झाडाहून वेगळे असते, ते तोडता येते. ही धारिता तोडता येत नाही. ती तारेच्या आकारातून, अंतरातून आणि मधल्या पदार्थातूनच आलेली असते. पण नाव रूढ झाले आहे, असो.

आता नोड. जेथे दोन किंवा अधिक घटकांची टोके एकत्र येतात तो बिंदू म्हणजे नोड. कागदावर तो ठिपका असतो, टेबलावर मात्र तो तांब्याचा तुकडा असतो. सगळी गफलत या दोन वाक्यांमधल्या जागेत होते. ठिपक्याला लांबी-रुंदी नसते, म्हणून त्याला धारिताही नसते. सिम्युलेशन सॉफ्टवेअर ठिपक्यांवर काम करते. प्रत्येक नोडपाशी येणाऱ्या व जाणाऱ्या विद्युतधारांची बेरीज शून्य, हा किर्चहॉफचा नियम ते सर्व नोडांना लावते, समीकरणांचा संच बनवते आणि प्रत्येक नोडचे विभव काढते. काळ पुढे सरकतो तशी हीच आकडेमोड लहान लहान पावलांनी पुन्हा पुन्हा होते. यात कोठेही तांबे नाही, हवा नाही, शेजारची ओळ नाही. शेजारच्या ओळीशी धारिता आहे हे कोणी सांगितले तरच ती आहे.

या जातीच्या बहुतेक सॉफ्टवेअरचा मूळ पुरुष 'स्पाइस'. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील लॅरी नेगेल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तो लिहिला आणि १९७३ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथील परिषदेत मांडला. १९७५ मध्ये त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती आली. बर्कलेने तो कोणालाही सहज मिळेल असा ठेवला, म्हणून त्याचा वंश जगभर वाढला. मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पाने तयार केलेले आणि मोफत मिळणारे 'ई-सिम' त्याच वंशातले. त्याच्या पोटात 'एनजीस्पाइस' चालतो.

स्पाइसची गरज मुळात का पडली, हे आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तोपर्यंत परिपथ आखायचा, सुटे भाग जोडून तो टेबलावर उभा करायचा आणि चालतो का पाहायचे, अशी रीत होती. एकाच चिपवर शेकडो ट्रान्झिस्टर येऊ लागल्यावर ही रीत लंगडी पडली. चिपच्या आतील नोडची धारिता पिकोफॅरडच्या अंशांत असते, हल्ली तर कित्येकदा पिकोफॅरडच्या हजाराव्या भागांत. टेबलावरच्या जोडणीत तेथे कित्येक पिकोफॅरड येऊन बसतात. म्हणजे टेबलावरची प्रतिकृती चिपशी प्रामाणिक राहूच शकत नव्हती. परजीवी धारितेने वैतागलेल्या लोकांनी जवळ केलेले हे साधन आज परजीवी धारितेच्या प्रयोगात 'मोजमापयंत्र' म्हणून मिरवते, हा योगायोग आम्हाला गमतीचा वाटतो. चिप आखणाऱ्याला सिम्युलेशनवाचून गत्यंतर नव्हते. टेबल, तारा आणि मीटर समोर असताना शाळा-महाविद्यालयांना ते आहे.

आता सॉफ्टवेअरच्या एका खोडीकडे वळू. एक ट्रान्झिस्टरचा साधा विवर्धक काढा. ट्रान्झिस्टरचा विशिष्ट क्रमांक न निवडता यादीतला पहिला, बिननावाचा 'एनपीएन' घ्या. घाईत असलेले विद्यार्थी नेमके हेच करतात. आता वारंवारता वाढवत न्या. एक मेगाहर्ट्झ, शंभर मेगाहर्ट्झ, दहा गिगाहर्ट्झ, दृश्य प्रकाशाच्याही पलीकडे जा. विवर्धन जसेच्या तसे! कारण स्पाइसच्या प्रतिमानात ट्रान्झिस्टरच्या दोन्ही जोडांची धारिता, काही सांगितले नाही तर, शून्य धरलेली असते. डायोडचीही तीच गत. हे काही लपवलेले नाही, माहितीपुस्तिकेतील तक्त्यात स्पष्ट दिलेले असते. पण पडद्यावर एक सरळ आडवी रेघ येते आणि ती फार आश्वासक दिसते.

खऱ्या ट्रान्झिस्टरचे काय होते? संग्राहक व पाया यांच्यात समजा फक्त दोन पिकोफॅरड आहेत. विवर्धन १५० आहे. पायाचे विभव एका मिलिव्होल्टने वर गेले की संग्राहकाचे दीडशे मिलिव्होल्टने खाली येते, म्हणजे त्या इवल्या कपॅसिटरवरचा दाब १५१ मिलिव्होल्टने बदलतो. पायाकडून पाहणाऱ्याला तो दोनचा नव्हे, ३०२ पिकोफॅरडचा वाटतो. हा मिलर परिणाम. जॉन मिलर यांनी तो १९२० मध्ये, ट्रान्झिस्टरच्या कितीतरी आधी, निर्वात नळ्यांसाठी सांगितला. पायापाशीचा एकूण रोध तीन किलोओहम धरला तर हा विवर्धक सुमारे पावणेदोन लाख हर्ट्झपाशीच दमू लागतो. एकीकडे अनंतापर्यंत जाणारी रेघ, दुसरीकडे पावणेदोन लाख. फरक केवळ दोन पिकोफॅरडचा, आणि ते सॉफ्टवेअरला कोणी सांगितले नव्हते.

गंमत अशी की हेच सॉफ्टवेअर एक परजीवी घटक न विचारता घालते! अर्धवाहकाच्या प्रत्येक जोडाला समांतर असा दहा लाख मेगओहमचा एक रोधक ते गुपचूप जोडते. का? त्यावाचून समीकरणे कधी कधी सुटत नाहीत. निसर्गाची सोय पाहून नव्हे, गणिताची सोय पाहून घातलेला हा रोधक आहे.

सगळी मूल्ये नीट भरली, निर्मात्याने दिलेले प्रतिमान वापरले, तर मग 'मोजणे' म्हणायला हरकत नाही ना? येथे खरी मेख आहे. सिम्युलेशनमध्ये नोडची धारिता काढण्याच्या तीन रीती प्रचारात आहेत. पहिली, नोडला एक व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब द्यायचा आणि धारेचा नव्वद अंशांनी पुढे असलेला भाग घेऊन त्याला कोनीय वारंवारतेने भागायचे. दुसरी, नोडमध्ये एक मायक्रोअँपिअर स्थिर धारा सोडायची आणि विभव किती वेगाने चढते ते पाहायचे. धारा भागिले चढण्याचा वेग म्हणजे धारिता. तिसरी, सॉफ्टवेअरने छापलेल्या यादीतून आकडा उचलायचा. नोडवर फक्त साधा कपॅसिटर असेल तर तिन्ही उत्तरे सारखी येतात. पण तेथे डायोड असेल तर? शून्य दाबाला दहा पिकोफॅरड असलेला साधा डायोड घ्या. उलट्या दिशेने पाच व्होल्ट दिल्यावर त्याची धारिता सुमारे साडेतीन उरते, कारण जोडातला रिता थर रुंदावतो. पहिल्या रीतीने शून्य व्होल्टला दहा आणि पाच व्होल्टला साडेतीन येतील. दुसऱ्या रीतीने शून्यापासून पाचपर्यंत चढायला लागलेल्या एकूण विद्युतभाराला पाचने भागले तर ५.२ येतील. तीन आकडे, तिन्ही बरोबर! प्रश्न वेगळे आहेत, म्हणून उत्तरे वेगळी आहेत. लहानसा संकेत पुढे पाठवायचा असेल तर पहिला प्रश्न विचारायचा. शून्य-एकच्या अंकीय परिपथात नोड पूर्ण वरखाली होतो, तेथे दुसरा. आम्ही पाहिलेल्या प्रयोगवह्यांत कोणत्या दाबाला ही धारिता आहे, हे एकदाही लिहिलेले नव्हते. सॉफ्टवेअर विचारत नाही म्हणून विद्यार्थी सांगत नाही. परीक्षकाने तरी विचारावे.

प्रतिमानावर विसंबण्याचा धोका केवढा असतो याचे उदाहरण स्पाइसच्याच इतिहासात आहे. मॉस ट्रान्झिस्टरच्या धारितेसाठी जे. ई. मेयर यांचे १९७१ चे प्रतिमान त्यात वापरलेले होते. त्यात द्वार आणि इतर टोके यांच्यामध्ये साधे, दोन टोकांचे कपॅसिटर मानलेले आहेत, आणि त्यांची मूल्ये दाबांनुसार बदलतात. ऐकायला यात काही वावगे नाही. पण विद्युतभार हा डोंगरावरच्या उंचीसारखा असतो. कोणत्याही वाटेने फिरून मूळ जागी आलात की उंची मूळचीच असली पाहिजे. मेयर यांच्या धारिता घेऊन पावलापावलाने बेरीज केली तर एक फेरी पूर्ण करून आल्यावर हिशेबात थोडा विद्युतभार जास्त किंवा कमी निघे. साध्या अंकीय परिपथात ही चूक खपून जाई. पण साठवलेल्या विद्युतभारावरच ज्यांचे काम चालते, अशा गतिक स्मृतींच्या आणि स्विच-कपॅसिटर परिपथांत, हजारो फेऱ्यांनंतर नोडचे विभव काही कारण नसता सरकत जाई. संगणकाच्या पडद्यावर विद्युतभाराच्या अक्षय्यतेचा नियम मोडत होता! १९७८ मध्ये वॉर्ड व डटन यांनी विद्युतभारावर आधारलेले प्रतिमान दिले. १९८३ मध्ये यांग, एप्लर व चटर्जी यांनी दाखवले की आकडेमोडीत विभवाऐवजी विद्युतभारच मूळ चल धरला तर हा दोष टळतो. नंतरची प्रतिमाने याच वाटेने गेली.

दोष कसा ओळखू आला असेल, याचा विचार वर्गात जरूर करावा. आकडा पडद्यावर ठामपणेच आलेला होता. तो चुकीचा आहे हे सांगायला सॉफ्टवेअरच्या बाहेरचे काही तरी हवे होते : एक तर निसर्गनियमाची जाण, नाही तर खरी चिप.

खऱ्या चिपवर इतकी सूक्ष्म धारिता मोजता येते का? येते, आणि कशी ते शिक्षकांना आवडेल. १९९६ मध्ये बर्कलेच्याच संशोधकांनी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. चिपवर दोन ट्रान्झिस्टरांची एक जोडी आणि तिची हुबेहूब जुळी जोडी बनवायची. एकीला मोजायची तार जोडायची, दुसरीला नाही. दोन्हींना ठरावीक वारंवारतेने भरायचे व रिकामे करायचे. दर फेरीला धारिता गुणिले दाब इतका विद्युतभार पुरवठ्यातून जातो, म्हणून सरासरी धारा त्याच्या वारंवारतापट होते. दोन धारांच्या फरकातून फक्त तारेची धारिता हाती येते, कारण जोडीची स्वतःची धारिता वजाबाकीत जाते. एका पिकोफॅरडचा हजारावा भाग, अडीच व्होल्ट आणि दहा लाख हर्ट्झ घेतले तर ही धारा अडीच नॅनोअँपिअर येते. चांगल्या मीटरला ती सहज कळते. याला मोजणे म्हणतात. संगणकाचा न्याय्य उपयोगही आहे. १९९१ मध्ये एमआयटीत नेबर्स व व्हाइट यांनी लिहिलेल्या 'फास्टकॅप'सारखा प्रोग्रॅम तारांचे आकार व अंतरे घेतो आणि स्थिरविद्युतशास्त्राच्या नियमांनी धारिता काढतो. ती मानलेली नसते, काढलेली असते. याला गणन म्हणावे. मानणे, गणन करणे आणि मोजणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत त्यांना तीन वेगळे शब्द आहेत.

सिम्युलेशनच्या बाजूचा एक पुरावा येथे मांडला पाहिजे, नाही तर आमचे बोलणे एकांगी होईल. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमातील काही विद्यार्थ्यांनी खरे बल्ब, तारा व बॅटऱ्या वापरल्या, काहींनी त्याच विद्यापीठाचे 'फेट' हे सिम्युलेशन. संकल्पनांच्या प्रश्नांत सिम्युलेशनवाले सरस ठरले. एवढेच नव्हे, नंतर खरा परिपथ जोडून त्याचे वर्णन करण्यातही. हा निष्कर्ष आम्हाला मान्य आहे. तेथे शिकायचे होते ते विद्युतधारेचे वागणे. सैल जोड, तारांचे रंग, गंजलेले क्लिप यांचा गोंगाट सॉफ्टवेअरने झाकला आणि मूळ गोष्ट उठून दिसली. पण परजीवी धारिता हा त्या झाकलेल्या गोंगाटाचाच भाग आहे. जे झाकले आहे तेच शिकवायचे असेल तर झाकण कसे उपयोगी पडावे?

प्रयोगशाळेत साहित्य नाही, ही अडचण खरी आहे. अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत ऑसिलोस्कोप कपाटात असतो आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नसते. पण या विशिष्ट मोजमापाला ऑसिलोस्कोप लागत नाही. खरे तर तो नसलेलाच बरा, कारण त्याचे साधे टोक नोडला लावले की शंभराच्या आसपास पिकोफॅरड नव्याने आले, आणि दहापट टोक लावले तरी दहा ते पंधरा. तापमापी बुडवल्याने चहा थंड व्हावा तसे!

त्याऐवजी असे करावे. '४०१०६' या सीमॉस चिपमध्ये सहा श्मिट व्यस्तक असतात. त्यांपैकी एकाच्या निर्गम टोकापासून त्याच्याच प्रवेश टोकापर्यंत दहा मेगओहमचा रोधक लावा. नेहमीच्या आंदोलकात प्रवेश टोकापासून ग्राउंडपर्यंत कपॅसिटरही असतो. तो लावू नका. कागदावरच्या परिपथात आता धारिता शून्य आहे, म्हणून आवर्तकालही शून्य. सॉफ्टवेअरमध्ये आदर्श व्यस्तक घेऊन हेच काढले तर ते अडकते, किंवा व्यस्तकाला दिलेल्या काल्पनिक विलंबानुसार काहीही उत्तर देते. ब्रेडबोर्डावरचा परिपथ मात्र कपॅसिटर नसतानाही बिनतक्रार आंदोलने करतो. त्याला लागणारी धारिता चिपच्या प्रवेश टोकात आणि ब्रेडबोर्डाच्या पट्टीत आहेच.

निर्गम टोकाला वारंवारता दाखवणारा साधा मल्टिमीटर लावा. निर्गम टोक लावा असे मुद्दाम सांगतो, कारण ते दणकट असते, मीटरच्या केबलीची धारिता ते सहज पेलते. प्रवेशाच्या नोडला काहीही शिवू नये. समजा आवर्तकाल ९६ मायक्रोसेकंद आला. आता प्रवेश टोकाला २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा. समजा आवर्तकाल २७२ झाला. आवर्तकाल हा नोडच्या एकूण धारितेच्या प्रमाणात असतो. म्हणजे वाढलेले १७६ मायक्रोसेकंद हे २२ पिकोफॅरडचे, तर मूळचे ९६ हे ९६ गुणिले २२ भागिले १७६, म्हणजे १२ पिकोफॅरडचे. रोधकाचे नेमके मूल्य आणि व्यस्तकाचे उंबरठे यांची चिंताच उरत नाही, ती भागाकारात जातात. (व्यस्तकांचे उंबरठे चिपगणिक बरेच वेगळे असतात, म्हणून हे फार सोयीचे.) कपॅसिटरवर पाच टक्के लिहिले असेल तर त्यामुळे उत्तरात पाच टक्केच चूक येईल, म्हणून '१२ ± ०.६' असे लिहिता येते. मग रोधक उचलून दुसऱ्या ओळीत लावा, शेजारची ओळ ग्राउंडला जोडा, एक लांब तार नोडला लटकवा, हात जवळ न्या. दर वेळी आकडा बदलेल, आणि बदल कोणत्या बाजूला होईल ते विद्यार्थ्यांकडून आधी वदवून घ्यावे. मिळालेला आकडा मग सॉफ्टवेअरमध्ये खुशाल घालावा. तेथे तो योग्य जागी जातो.

काही व्यावहारिक सूचना. दहा मेगओहमचा नोड घरगुती विजेचे पन्नास हर्ट्झ फार चटकन उचलतो, म्हणून ट्यूबलाइटपासून दूर बसावे आणि पुरवठा सहा व्होल्टच्या बॅटरीचा घ्यावा. चिपच्या पुरवठ्याच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जवळच लावावा. उरलेल्या पाच व्यस्तकांची प्रवेश टोके ग्राउंडला जोडून टाकावीत, मोकळी ठेवू नयेत. ती आपापली आंदोलने सुरू करतात.